भुंग्याला एटीकेटी कुणी दिली?

मागच्या सेमिस्टरमध्ये एक व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान झालं. हजेरी लागणार होती, त्यामुळे हॉल फुल्ल! पाहुणे छान बोलले. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला आणि ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली. "मित्रांनो, विज्ञानाच्या नियमांनुसार भुंगा उडूच शकत नाही. शरीर जड, पंख छोटे. शास्त्रज्ञांनी गणित मांडून हे सिद्ध केलंय. पण भुंग्याला ते गणित माहीत नाही, म्हणून तो उडतो!" हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या. एम-थ्रीचा रिझल्ट आदल्याच दिवशी लागला होता आणि गणित माहीत नसणं हा गुण आहे असं कुणीतरी स्टेजवरून सांगत होतं. टाळ्या वाजवणार नाही तर काय करणार?

त्या रविवारी मेसचा चहा घेऊन आम्ही हॉस्टेलच्या मागच्या बाजूला बसलो होतो. तिथे कपडे वाळत घालायला बांबू बांधलेत, ते सगळ्यांना माहीत आहेत. त्यातल्या एका बांबूत भुंग्यांनी बीळ केलंय. बांबूसमोर हातभर अंतरावर एक काळाकुळकुळीत भुंगा हवेत उभा होता. उभा म्हणजे अक्षरशः उभा. पुढे नाही, मागे नाही, वर नाही, खाली नाही. मध्येच दुसरा भुंगा आला की हा त्याच्या अंगावर धावून जायचा आणि परत त्याच जागी येऊन थांबायचा. माझा रूममेट गडहिंग्लजचा आहे (नाव छापलं तर मेसमध्ये माझी खैर नाही). तो घोट घेत म्हणाला, "अरे, त्याला कुणीतरी सांगा की, तुला उडाय येत न्हाई म्हणून!"

आम्ही हसलो. पण मला ते हसणं नंतर टोचायला लागलं. आपण इंजिनिअरिंगची पोरं. फ्लुइड मेकॅनिक्स शिकलोय, बर्नोली पाठ आहे. समोर एक जीव हवेत उभा आहे आणि तो का पडत नाही हे आपल्यातल्या एकालाही सांगता येत नाही. वर ‘विज्ञानाला हे जमत नाही’ म्हणून आपण टाळ्या वाजवून आलोय! त्या दिवसापासून लायब्ररीत आणि नेटवर जे वाचलं, त्यातून माझं एक मत पक्कं झालं. तेच इथे मांडतो. पटलं नाही तर मेसमध्ये भेटा.

गणित चुकलं नव्हतं

आधी गोष्टीचा उगम पाहू. १९३४ साली फ्रान्समध्ये आंत्वान मान्यां या प्राणिशास्त्रज्ञाचं कीटकांच्या उड्डाणावर एक पुस्तक आलं. त्यात त्यांनी लिहिलं की हवेच्या रोधाचे नियम कीटकांना लावून पाहिले, आणि आंद्रे सँत-लाग्यू या गणितज्ञासोबत केलेल्या हिशेबातून निष्कर्ष निघाला की त्यांचं उडणं अशक्य आहे. बास. पुढे त्या वाक्याला पाय फुटले. कीटकांच्या जागी एकटी बंबलबी आली, ‘आमच्या हिशेबानुसार’ची जागा ‘विज्ञानानुसार’नं घेतली आणि गोष्ट जगभर फिरली. २००७ सालचा ‘बी मूव्ही’ हा कार्टून सिनेमा याच वाक्यानं सुरू होतो. मराठीत येताना बंबलबीचा भुंगा झाला. खरं तर बंबलबी आपल्या भागातली नाहीच, भारतात ती मुख्यतः हिमालयात असते. आपला लाकूड पोखरणारा भुंगा तिचा लांबचा भाऊबंद. पण अधांतरी थांबण्याचं कोडं दोघांचं एकच, तेव्हा पाहुण्यांना तेवढं माफ.

आता गणिताकडे येऊ. लिफ्टचं सूत्र आपल्याला झोपेतही येतं: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ, लिफ्ट कोएफिशियंट, या सगळ्यांचा गुणाकार भागिले दोन. विमानाला हे झकास लागू पडतं, कारण विमानाचा पंख शरीराला घट्ट बसवलेला असतो. विमान पुढे जातं तो वेग आणि पंख हवा कापतो तो वेग एकच. आता हेच सूत्र हवेत थांबलेल्या भुंग्याला लावा. भुंग्याचा वेग शून्य. शून्याचा वर्ग शून्य. लिफ्ट शून्य. भुंगा धाडकन खाली! उत्तर आलं, पैकीच्या पैकी मार्क. फक्त भुंगा अजून वरच आहे.

कोणीही म्हणेल, "अरे, पण त्याचा पंख हलतोय ना!" बरोबर. मग प्रत्येक क्षणी पंखाचा जो वेग असेल तो घ्या आणि तेच सूत्र लावा. शास्त्रज्ञांनी तेही केलं. पण कोएफिशियंट मात्र स्थिर, न फडफडणाऱ्या पंखाचा घेतला. अनेक कीटकांच्या बाबतीत तरीही तूट येत राहिली. विमानाचा पंख साधारण १५ अंशांपलीकडे तिरका केला की वरच्या बाजूनं हवा सुटते आणि स्टॉल होतो. कीटक मात्र पंख खुशाल ३५–४५ अंशांत धरतात.

म्हणजे काय झालं? बेरीज चुकली नाही, गुणाकार चुकला नाही. चुकली ती पहिली ओळ, ‘प्रवाह स्थिर आहे असे मानू’. ही ओळ आपण प्रत्येक न्यूमेरिकलच्या सुरुवातीला डोळे मिटून लिहितो. भुंग्याला नापास केलं ते याच ओळीनं.

विहिरीत उभ्यानं पोहणं

मग तो उडतो तरी कसा? पुस्तकात यावर पानंच्या पानं आहेत. आपल्या गावाकडच्या पोरांना मात्र एका वाक्यात सांगता येईल. विहिरीत उभ्यानं पोहताना आपण हात कसे मारतो ते आठवा. वर-खाली नाही, आडवे. तळवा थोडा तिरका धरून हात बाहेर नेतो, टोकाला मनगट फिरवून तळव्याची बाजू पालटतो आणि तसाच तिरका आत आणतो. जाताना पाणी खाली दाबलं जातं आणि येतानाही. त्या रेट्यावर डोकं पाण्याबाहेर राहतं. अधांतरी थांबलेल्या बहुतेक कीटकांचा पंख हेच करतो. पुढे जाताना तिरका, टोकाला पालटी, मागे येताना पुन्हा तिरका. हवेत टोकानं आडवा इंग्रजी आठ काढल्यासारखा. फक्त आपण हे सेकंदाला एकदा-दोनदा करतो आणि मधमाशी करते सुमारे २३० वेळा.

दुसरं उदाहरण डोक्यावरच आहे. हॉस्टेलचा पंखा (लाईट असेल तेव्हा) हवा खाली ढकलतो, त्यामुळे त्याच्यावर वरच्या दिशेनं रेटा येतो. छताला बांधलाय म्हणून ते कळत नाही इतकंच. अधांतरी थांबणं म्हणजे आपलं वजन तोलण्याइतकी हवा सतत खाली ढकलत राहणं. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतला. तेव्हा आपणही एक कच्चा हिशेब करू. समजा भुंगा १ ग्रॅमचा आणि पंख २५ मिलिमीटरचा. पंख जेवढी चकती झाडतात तिचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर. हेलिकॉप्टरसाठी शिकतो ते मोमेंटमचं सूत्र लावलं, तर त्या चकतीतून हवा सेकंदाला सुमारे १.४ मीटर वेगानं खाली गेली की काम झालं. म्हणजे आपण रमतगमत रंकाळ्याला फेरी मारतो तो वेग! त्यासाठी लागणारी आदर्श शक्ती येते सुमारे १४ मिलिवॉट. प्रॅक्टिकलमध्ये आपण जो लाल एलईडी पेटवतो, तो पूर्ण करंटवर ४० मिलिवॉट खातो. प्रत्यक्षात भुंग्याला याहून जास्त लागते, स्नायूंच्या तोट्यासकट तर कितीतरी पट. पण ‘अशक्य’ कुठे दिसतंय का यात? पाठपोट कागदाच्या एका बाजूवर मावणारा हिशेब आहे हा. तो न करताच आम्ही टाळ्या वाजवल्या.

राहिला प्रश्न स्टॉलचा. पंख ४५ अंशांत धरूनही हवा सुटत का नाही? ती सुटते! पण सुटलेली हवा पंखाच्या पुढच्या कडेला एका लांबट भोवऱ्यात गुंडाळली जाते आणि तो भोवरा पंखाला चिकटून प्रवास करतो. भोवऱ्यात दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो. विमानासाठी जी धोक्याची घंटा, तीच कीटकाची शिडी. एकाच दिशेनं सरळ ओढलेल्या पाटीवर असा भोवरा लवकर सुटून जातो. पण मुळाशी फिरणाऱ्या पंखावर तो टिकतो आणि सुटेपर्यंत पंखाची पालटी खायची वेळ आलेली असते. मेसच्या चहात चमचा उभा धरून हळूच आडवा ओढा. चमच्याच्या दोन्ही कडांना दोन छोटे भोवरे पळताना दिसतील. मेसच्या चहाचा आजवर मला सापडलेला हा एकमेव उपयोग.

ज्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत

मला खरी गोष्ट आवडली ती इथून पुढची. गणित आणि भुंगा यांचं पटत नाही म्हटल्यावर काही माणसं गणिताला हसली नाहीत आणि भुंग्याला चमत्कारही म्हणाली नाहीत. ती मोजायला बसली.

१९७३ साली केंब्रिजला टॉर्किल वाईस-फॉ यांनी अधांतरी थांबणाऱ्या प्राण्यांचा एकेक करून हिशेब तपासला. बरेच जण जुन्या सूत्रात बसले, काही बसेनात. त्यातली एक होती एन्कार्सिया फॉर्मोसा. पांढऱ्या माशीवर जगणारी, मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशीची चुलत बहीण. ती पंख पाठीवर टाळीसारखे जुळवते आणि पुस्तक उघडावं तसे फटकन उघडते, सेकंदाला सुमारे ४०० वेळा. उघडताना मधल्या फटीत हवा घुसते आणि दोन्ही पंखांभोवती लगेच भोवरा तयार होतो. म्हणजे टाळ्या वाजवून उडता येतं, पण त्यासाठी ती टाळी अशी लागते!

१९८४ साली चार्ल्स एलिंग्टन यांनी अधांतरी उड्डाणावर एकापाठोपाठ सहा निबंध छापले. पंखाचा आकार, हालचाल, लिफ्ट, शक्ती, सगळं नव्यानं मोजून. त्यातून हे स्पष्ट झालं की स्थिर प्रवाहाची ती पहिली ओळ सोडावीच लागणार. १९९६ साली त्यांच्या गटानं हॉकमॉथ पतंगाची मोठी यांत्रिक प्रतिकृती हलवून, धूर सोडून, पुढच्या कडेचा तो भोवरा डोळ्यांना दाखवला. पहिल्या हिशेबापासून इथवर यायला साठेक वर्षं लागली.

आणि १९९९. ‘सायन्स’मध्ये एक निबंध आला. लेखक तीन: मायकेल डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेहमान आणि संजय साने. तिसरं नाव वाचून मी मान वर केली. साने! या तिघांनी कॅलिफोर्नियात फळमाशीचा यांत्रिक पंख बनवला, शंभरपट मोठा, २५ सेंटिमीटरचा. तो टाकीभर मिनरल ऑइलमध्ये बुडवून इतका सावकाश हलवला की एका फडफडीला सात सेकंद लागावेत. पंखाच्या मुळाशी बल मोजणारा सेन्सर. भोवऱ्याशिवाय आणखी दोन युक्त्या त्यांना सापडल्या. पंख पालटताना त्याच्या फिरण्यातूनही बल मिळतं. आणि आधीच्या फटकाऱ्यानं ढवळलेल्या हवेतून परत जाताना वाया गेलेली थोडी ऊर्जा पंख वसूल करतो. कोल्हापूरच्या माणसाला हे लगेच पटेल, वाया काही घालवायचं नाही.

तुम्ही म्हणाल, तेलातला सावकाश पंख आणि हवेतली फडफड यांचा संबंध काय? इथेच आपला अभ्यासक्रम कामी येतो. रेनॉल्ड्स नंबर! फडफडीची वारंवारता गुणिले पंखाच्या लांबीचा वर्ग, भागिले द्रवाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. पंखाचा आकार आणि हालचाल तीच ठेवून हा आकडा जुळवला की प्रवाहाची नक्षी जुळते. फळमाशी: सेकंदाला २०० फडफडी, पंख २.५ मिलिमीटर, हवेची व्हिस्कॉसिटी १५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. उत्तर ८३. रोबोट: सेकंदाला ०.१४५ फडफड, पंख २५० मिलिमीटर, तेल ११५. उत्तर ७९. जवळपास सारखे! हे गणित करताना मला जी मजा आली ती एम-थ्रीच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये आली नव्हती. ‘डायनॅमिक सिमिलॅरिटी’ हा चार मार्कांचा प्रश्न आहे एवढंच मला माहीत होतं. त्यानं माशीचं गुपित फोडता येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हे फक्त परदेशातच होतं असं समजू नका. १९७७ साली हैदराबादच्या पुराणिक आणि सहकाऱ्यांनी पंखांची वारंवारता प्राण्याचं वजन आणि पंखाची मापं यांवरून काढण्याची ‘मास फ्लो थिअरी’ इंडियन ॲकॅडमीच्या नियतकालिकात मांडली. संजय साने पुढे बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये आले. तिथल्या तन्वी देवरा, अमितकुमार सिंग आणि साने यांनी २०१५ मध्ये दाखवलं की माशीचे पंख आणि तोल सांभाळणारे हॉल्टेअर हे दोन छोटे दांडके एकमेकांशी ताल राखतात, ते छातीच्या कवचातल्या यांत्रिक जोडणीमुळे. मेकॅनिकलवाल्यांनो, लिंकेज! आपण फोर-बार मेकॅनिझमच्या शीटवर जीटी मारतो, आणि माशी ते छातीत घेऊन फिरते.

हॉस्टेलवासीयांसाठी खास माहिती म्हणजे डास. २०१७ साली ‘नेचर’मध्ये त्याचा हिशेब आला. त्याचा पंख जेमतेम ४० अंशांत हलतो, मधमाशीच्या निम्म्याहून कमी, पण सेकंदाला सातशेच्या आसपास. एवढ्याशा झोक्यात पुढच्या कडेचा भोवरा पुरेसा पडत नाही, म्हणून तो मागच्या कडेचा भोवरा आणि पंखाची पालटी यांतून बरंच बल काढतो. रात्री कानाशी जे गाणं ऐकू येतं ती याच पंखांची वारंवारता. पुढच्या वेळी मारण्याआधी क्षणभर आदर बाळगा. मग मारा.

मग बिघडलं काय?

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ते समदं खरं. पण त्या गोष्टीनं एखाद्या चार विषय राहिलेल्या पोराला धीर आला असंल, तर तुझं काय गेलं?"

प्रश्न रास्त आहे. मी दोन दिवस विचार केला. माझेही विषय राहिलेत, धीराची गरज मलाही आहे. पण गोष्ट आपल्याला कुठला धीर देते बघा. ती म्हणते, ज्ञान तुला अडवतंय, ते नसेल तर तू उडशील. इंजिनिअरिंग कॉलेजात याहून घातक धीर कुठला? उद्या आपल्यातलाच कुणी पुलाचं डिझाइन करेल, कुणी बॉयलरचं. तिथे ‘मला माहीत नव्हतं म्हणून जमलं’ चालत नाही. माहीत नसलेला पूल पडतो. भुंगा उडतो तो अडाणी म्हणून नव्हे. लाखो वर्षांत घासून तयार झालेली यंत्रणा त्याच्याकडे आहे म्हणून उडतो. अडाणी होतो ते आपण.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात भुंग्याचा एक दृष्टांत आहे. कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. तिथे संदर्भ अर्जुनाच्या मायेचा आहे. पण मला त्या दिवशीचा सेमिनार हॉल आठवला. ट्रिपल इंटिग्रेशन पोखरणारे शंभर-दोनशे जण एका गोड गोष्टीत अडकून बसले होते. एकालाही हात वर करून विचारावंसं वाटलं नाही, "सर, गणित नेमकं काय मांडलं होतं? गृहीत काय धरलं होतं?"

हे विचारावंसं का वाटलं नाही, हा माझा खरा मुद्दा आहे. कारण आपल्याला गृहीतकं विचारायची सवयच लावलेली नाही. ‘असम्प्शन्स’ हे आपल्याकडे दोन मार्कांचं कलम आहे. पाठ करायचं आणि पुढे जायचं. प्रॅक्टिकलचं रीडिंग ‘बरोबर’ आलं नाही तर मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवायचं, कारण चुकीच्या रीडिंगवर सही मिळत नाही. ग्राफवरचा बिंदू रेषेबाहेर गेला की खोडरबर! मान्यांच्या हिशेबातला भुंगा हा असाच रेषेबाहेरचा बिंदू होता. तो खोडून टाकला असता तर पुढचं काही झालंच नसतं. फायनल इयरचे प्रोजेक्ट तर विचारूच नका. काही तयार विकत मिळतात, हे पोरांनाही माहीत आहे आणि परीक्षकांनाही.

यात फक्त सरांना दोष देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. एका बॅचला दोन तास, बॅचमध्ये वीस पोरं, यंत्र एक, अभ्यासक्रम डोंगराएवढा. एका सरांशी मी यावर बोललो. ते म्हणाले, "अरे, तू एक रीडिंग चुकलेलं दाखवून कारण शोधशील, बाकीचे एकोणीस जण सही कधी घेणार?" माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. पण अर्धं आहे.

साडेसहा सेकंदांची मधमाशी

ते अर्धं उत्तर असं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये दर सेमिस्टरला एकच प्रयोग असा ठेवा, ज्याचं उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलात नाही. आणि पहिला प्रयोग मी सुचवतो.

वरचं रेनॉल्ड्सचं गणित मधमाशीसाठी करा. सेकंदाला २३० फडफडी, पंख साधारण १० मिलिमीटर, हवा १५. उत्तर येतं सुमारे १५३३. आता तेल विसरा, साधं पाणी घ्या. पाण्याची व्हिस्कॉसिटी १ धरली आणि पंख १० सेंटिमीटरचा केला, तर वारंवारता येते ०.१५३. म्हणजे एका फडफडीला साडेसहा सेकंद! मोटारसुद्धा नको, हातानं फिरवता येईल. माशांची मोठी काचेची टाकी, ॲक्रिलिकचा कापलेला पंख, उभ्या दांड्याभोवती पुढे-मागे फिरणारा आणि टोकाला पालटी घेणारा. पंखाच्या पुढच्या कडेला बारीक नळीतून शाई सोडा. पंख ४५ अंशांत धरा आणि भोवरा उठतो का, टिकतो का, बघा. मग पंख न फिरवता तसाच सरळ ओढा आणि फरक बघा. पालटी घेणारा जोड कसा करायचा हे सुचत नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही मिस्त्रीला चहा पाजा. आपल्या डिझाइनमधल्या तीन चुका काढून तो चौथ्या पद्धतीनं बनवून देईल. (रूममेटनं पाण्याऐवजी काकवी सुचवली होती. आतलं काही दिसणार नाही आणि प्रयोग संपायच्या आत पोरं टाकी चाटून पुसून ठेवतील, म्हणून बाद.)

ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांनी मोबाईल घ्यावा. बांबूपाशी शांत उभं राहून भुंग्याचा आवाज रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम काढा. मुख्य सूर जिथे आहे ती पंखांची वारंवारता. स्लो-मोशनवर विसंबू नका. २४० फ्रेमला नायक्विस्टच्या नियमानं १२० हर्ट्झच्या आतलंच खरं दिसतं, पुढचं सगळं फसवं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हे मेकॅनिकलवाल्यांना समजावून सांगावं, त्यानिमित्तानं बोलणं तरी होईल. मला किती हर्ट्झ मिळाले? मुद्दाम सांगत नाही. आकडा छापला की पुढच्या वर्षी सगळ्यांच्या जर्नलात तोच येणार.

याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. कॅमेरा आतून कसा चालतो हे त्यांनी शिकून घेतलं. ‘मला माहीत नाही म्हणूनच जमेल’ असं म्हणून ते बसले नाहीत. कोल्हापूरचा खरा ‘नाद’ तो.

शेवटी एक विनंती. मागच्या बाजूचे ते पोखरलेले बांबू काढून नवीन पाईप लावायचं ठरल्याचं नोटीस बोर्डावर वाचलं. रेक्टर सर, पाईप जरूर लावा, कपड्यांचे हाल होतातच. फक्त बीळ असलेला तो एक बांबू कोपऱ्यात उभा राहू द्या. कपडे त्यावर कुणी वाळत घालणार नाही याची हमी आमची. आम्ही चौघांनी टाकीसाठी वर्गणी काढली आहे, ॲक्रिलिकचा पंख कापून झाला आहे. पण टाकीतल्या पंखाशी ताडून पाहायला खरा भुंगाही लागेल. आणि पुढच्या वर्षी ते व्याख्याते पुन्हा आले तर त्यांना चहाला मागच्या बाजूला घेऊन जाता येईल.

— तृतीय वर्ष, यांत्रिकी